उठला होता तो

बाबा, हे पत्र मी ऑफिसच्या कागदावर लिहितेय, आधीच सांगून टाकते. तुम्ही असतात तर पहिली नजर मजकुरावर नाही, कागदावर गेली असती. दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये असताना तुमच्या शर्टाच्या खिशात दोन पेनं असायची, एक सरकारी आणि एक घरचं, आणि दूधवाल्याला चिठ्ठी लिहायची तरी तुम्ही आठवणीने घरचं पेन काढायचात. तिसरीत असताना मी तुमच्या फायलीतला एक कोरा कागद घेतला आणि त्यावर मोर काढला, तर तुम्ही मला दुपारभर बाल्कनीत उभं केलंत आणि दुसऱ्या दिवशी तसाच एक कागद विकत आणून फायलीत ठेवलात. आई म्हणाली होती, "अहो हरिश्चंद्राचे अवतार, पोरीला आत घ्या, ऊन लागेल तिला." तर आज रागवायचं असेल तर खुशाल रागवा. घरात दुसरा कागद नाही. तुमची नात सगळं फोनवर लिहिते.

उद्या सकाळी मला जन्मठेपेच्या एका कैद्याचा रिपोर्ट द्यायचाय. पंधरा वर्षं आत काढलेला माणूस. त्याला आता सोडावं की नाही हे बोर्ड ठरवणार, पण बोर्डावरचे साहेब लोक त्याला कधी भेटत नाहीत, ते माझे चार कागद वाचतात. याआधी दोनदा त्याचं नाव वर गेलं आणि दोन्ही वेळा माझ्याच रिपोर्टवरून परत आलं. आज रविवार, सकाळपासून मी नुसती बसतेय आणि उठतेय. दोनदा चहा केला, त्यातला एकदा उतू घालवला. कुंड्यांना पाणी घातलं, कालच घातलं होतं तरी. खाली पार्किंगमध्ये कोणाची तरी गाडी मागे घेताना पीं पीं करत होती, तर बाल्कनीतून ओरडून आले. रिपोर्टचं पहिलं वाक्य लिहायला जावं तर त्या माणसाचं वाक्य न येता तुमचंच येतं. म्हटलं, चलो, आधी तुमचं काय ते बघू.

मी काय काम करते ते तुम्हांला कधी नीट कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. कोणी विचारलं की तुम्ही सांगायचात, "आमची मुलगी समाजकल्याणात आहे," जसं काही मी थंडीत स्वेटर वाटत फिरते. बाबा, मी खून केलेल्या माणसांशी बोलते. सत्तावीस वर्षं तेच करतेय. जेलच्या एका खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचं, समोर तो माणूस, आणि विचारायचं, उस दिन क्या हुआ था? आणि गंमत सांगू? "मी मारलं" असं जवळजवळ कोणीच म्हणत नाही. एक म्हणतो, "मैडम, ग़ुस्सा आ गया था." राग म्हणजे कोणी पाहुणा, तो आला, करून गेला आणि निस्तरतोय हा बिचारा. दुसरा म्हणतो, "उसका टाइम आ गया था." एक कारकून होता, चांगला शिकलेला. तो आपल्या बायकोच्या खुनाबद्दल बोलताना फाइल वाचून दाखवावी तसा बोलायचा, घटना के समय, घटना के पश्चात. आणि एक बाई होती, तिने रोज मारणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात वरवंटा घातला होता. आता दर वर्षी त्याच्या तिथीला ती उपास धरते आणि मला सांगते, त्यांना कारली फार आवडायची, स्वभावाने फार चांगले होते, बस पीते थे. ती खोटं बोलत नाही. तिला जसा नवरा मिळायला हवा होता तसा तिने मेल्यावर करून घेतलाय.

पहिली काही वर्षं मला वाटायचं हे सगळे बनेल आहेत. मग हळूहळू कळलं की ज्या हाताने ते झालं त्याच हाताने माणसाला पुढे रोज जेवायचं असतं, दात घासायचे असतात, पोराचं पत्र उघडायचं असतं. मग तो काहीतरी एक गोष्ट उभी करतो आणि तिच्यात राहायला जातो. हे समजतं मला. पण समजणं वेगळं आणि सोडून देणं वेगळं. आमच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, "अपराध के प्रति बंदी का दृष्टिकोण". त्यात मी कधी कोणाची गय केली नाही. ऑफिसात मला खडूस म्हणतात, तोंडावरसुद्धा. आमची एक ज्युनियर म्हणते, "यार मैडम, आप तो भगवान से भी गुनाह क़बूल करवा लोगी." मी हसते. पण मला ते एकच वाक्य ऐकायचं असायचं, साधं, सरळ. मैंने मारा. ते नाही आलं की माझं डोकं फिरायचं. का फिरायचं ते ऑफिसात कोणाला माहीत असायचं कारण नाही.

हा जो माणूस आहे तो वेल्डर. इथे गाझियाबादेतच, माझ्या घरापासून फार लांब नाही, एका गल्लीत पहिल्या मजल्यावर खोली घेऊन राहायचा. बायको वारलेली, सात वर्षांची मुलगी, आणि खोलीत भागीदार म्हणून गावचाच एक मित्र, लहानपणापासूनचा. जूनचा महिना होता. तिथे नळाला सकाळी तासभर पाणी. त्याने दोन बादल्या भरून ठेवल्या होत्या, एक मुलीच्या आंघोळीला आणि एक कूलरला. मित्र नाइट शिफ्ट करून आला आणि दोन्ही बादल्यांनी आंघोळ करून मोकळा झाला. झालं! दोन बादल्या पाण्यावरून शिवीगाळ, जिन्यात धक्काबुक्की, आणि हातात लोखंडी पाइप. मुलगी दारात उभी होती. तिने पोलिसांना सांगितलं, पुढे कोर्टातही सांगितलं, "अंकल सीढ़ी से गिर गए थे." डॉक्टरने वेगळं सांगितलं आणि कोर्टाने डॉक्टरचं ऐकलं. पण हा गडी पंधरा वर्षं तेच धरून बसला. "पैर फिसला उसका मैडम. सीढ़ी से गिरा." दोनदा मी लिहिलं, बंदी आपला अपराध मान्य करत नाही, पश्चात्तापाचं कोणतंही लक्षण नाही. आणि खाली सही केली, तुम्ही दिलेल्या पेनाने. तो 'गिरा' म्हणायचा आणि मला ऐकू यायचं, उठला होता तो.

आठवतं ना तुम्हांला? विचारतेय काय मी, दुसरं काय आठवत असणार.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला जायची, काला अंबला, लढाईच्या स्मारकाशी. दिल्लीतली झाडून सगळी मराठी माणसं त्या दिवशी फेटे बांधायची, एरवी कोणाला शेजारच्या सेक्टरमध्ये जायला वेळ नसायचा. त्या वर्षी तुम्ही नुकतीच ती जुनी पांढरी गाडी घेतली होती आणि बसने जायला तयारच होईनात. आई म्हणाली, "धुकं आहे हो, बसनंच जा सगळ्यांबरोबर." तुम्ही म्हणालात, "गाडी काय शोभेला घेतलीय?" आईकडे संध्याकाळी हळदीकुंकू होतं म्हणून ती थांबली. मी नऊ वर्षांची. तिच्या जुन्या चंद्रकळेचं तिने मला परकर-पोलकं शिवलं होतं, काळं, लाल काठाचं, आणि ते संध्याकाळीच घालायचं अशी ताकीद होती. मी जाताना सारखी विचारत होते, आपण परत कधी यायचं? तुम्ही म्हणालात, "अगं, अजून पोचलोसुद्धा नाही."

तिथे तुम्ही त्या खांबापाशी उकिडवे बसलात आणि मातीला हात लावलात. मला जवळ घेऊन म्हणालात, "बाळ, इथे आपली माणसं पडली. लाखभर. त्यांना उचलायलासुद्धा कोणी नव्हतं गं." तुमचे डोळे भरले होते. दोन अडीचशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांसाठी माझे वडील रडतात याचा मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता. मी पण रडले, तुम्ही रडत होता म्हणून.

येताना चार वाजले होते, पण सूर्य त्या दिवशी निघालाच नव्हता आणि धुकं परत खाली उतरायला लागलं होतं. मी मागच्या सीटवर, मांडीवर तिळगुळाचा स्टीलचा डबा. आवाज मोठा नव्हता. गच्चीवरून गादी खाली टाकल्यासारखा. मग काचेवर काहीतरी खरवडलं आणि गाडी थोडी पुढे जाऊन थांबली. इंजिन चालूच होतं. तुमचे दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि तुम्ही समोर बघत होतात, समोर तर काहीच नव्हतं, पांढरं नुसतं. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "मागे बघ गं. सायकलवाला. उठला का तो?" आणि मग तुम्ही गिअर टाकलात. 

घरी दारातच आईला सांगितलंत, "येताना एक सायकलवाला आडवा आला. काही नाही, उठला होता तो. हिनं पाहिलं." आत बायका येऊन बसल्या होत्या. आईने एकदा तुमच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "जा, कपडे बदल." मी परकर-पोलकं घातलं आणि सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. गोड बोला, गोड बोला. दुसऱ्या दिवशी मार्केटमागच्या मेकॅनिककडे तुम्ही मला बरोबर नेलंत. फुटलेला दिवा बघून तो म्हणाला, "क्या ठोक दिया साहब?" तुम्ही म्हणालात, "नीलगाय आ गई थी." एक कागद विकत आणून सरकारला परत करणारा माणूस, बाबा! मी तुमचं बोट धरून उभी होते. महिन्याभरात गाडी विकलीत. पुढे दर संक्रांतीला तुम्ही बसनेच गेलात, मुकाट्याने, आणि मी पोटात दुखतं म्हणून घरी राहायची. कोणी विषय काढला नाही. एवढं मात्र व्हायचं की टीव्हीवर अपघाताची बातमी लागली की आई उठून आवाज कमी करायची.

मग ते मटार सोलणं. मी चोवीस वर्षांची, नोकरी लागून महिना झालेला, नव्याची नवलाई, जगातलं सगळं बरं-वाईट मलाच कळतं अशी मस्ती. तुम्ही स्वयंपाकघरात जमिनीवर पेपर पसरून दोन किलो मटार घेऊन बसला होतात, आई कढईशी. मी जेलमधल्या एका माणसाबद्दल सांगत होते आणि तुम्ही म्हणालात, "बिचारा." माझं टाळकंच सरकलं. "बिचारा काय, बाबा? माणूस मारलाय त्यानं! पण तुम्ही बिचाराच म्हणणार. तुम्हीही मारलात आणि पळून आलात." आईचा झारा कढईतच थांबला. तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही हातातली शेंग मोडलीत, अंगठ्याने दाणे खाली पाडलेत आणि म्हणालात, "उठला होता तो. तू पाहिलंस ना?" आणि माझ्याकडे बघत राहिलात, बराच वेळ. मी "शी!" म्हणाले आणि बाहेर गेले. मला वाटलं, वा रे वा, किती शिताफीने माझ्या गळ्यात बांधलं. नऊ वर्षांची साक्षीदार, काय बिल्कुल पक्की! महिन्याभरात मी नोकरीवाल्या बायकांच्या हॉस्टेलमध्ये राहायला गेले. निघताना तुम्ही पेन दिलंत. "समोरच्याचं पुरतं ऐकून घेत जा. सही करायची घाई करू नकोस." मी थँक्यू म्हणाले, परक्याला म्हणतात तसं. त्यानंतर सण-वार झाले, लग्न झालं, नात झाली, तुम्ही तिला खांद्यावर घेऊन फिरवलंत, पण मी तुमच्याशी मोकळेपणाने एकदाही बोलले नाही. तुमच्या शेवटच्या आजारपणात पाय चेपायला बसायची तेव्हासुद्धा टीव्ही लावून बसायची.

तुम्ही गेलात त्याला अकरा वर्षं झाली. तेराव्याला शेजारच्या क्वार्टरमधले काका आले होते. जिलबी बाजूला सारून मला म्हणाले, "तुला एक सांगू का? तुझे वडील काला अंबला कधी पोचायचेच नाहीत. वाटेत एका चहाच्या टपरीशी बस थांबवायचे आणि उतरायचे. म्हणायचे, मला पुढे येववत नाही, परत जाताना घ्या. आम्ही सगळे चिडवायचो, अहो लढाई पुढे आहे, तुम्ही इथेच काय तळ देता? दिवसभर बसायचे तिथे थंडीत. तिळगुळाचा डबा भरून न्यायचे आणि येताना रिकामा असायचा." इतकी वर्षं, बाबा? कोणाला देत होतात तो तिळगूळ? टपरीवाल्याला? जाणाऱ्या-येणाऱ्याला? की कोणाच्या घरी जात होतात? काकांना माहीत नव्हतं आणि ज्यांना विचारावं ते तुम्ही.

त्याच आठवड्यात तुमच्या पेन्शनच्या फायलीत ते कात्रण मिळालं. हिंदी पेपरचं, बोटभर लांबीचं. आपल्याकडे मराठी पेपर डाकेने यायचा, इंग्रजी सकाळी, हिंदी कधीच नाही, म्हणजे तुम्ही शोधून आणला असणार. संक्रांतीच्या दिवशी जी. टी. रोडवर अज्ञात वाहनाच्या धडकेने सायकलस्वाराचा मृत्यू. नाव आहे त्याचं, गाव आहे, ते मी इथे लिहीत नाही. शेवटच्या ओळीत डॉक्टर म्हणतो की वेळेवर दवाखान्यात आणलं असतं तर वाचू शकला असता.  ते वाचून मला तुमचा असा काही राग आला की तुमच्या फोटोचा हार मी काढून टाकला. म्हणजे तुम्हांला माहीत होतं. मटार सोलत होतात तेव्हाही माहीत होतं. आणि तरी माझ्या तोंडाकडे बघून म्हणालात, उठला होता तो.

हा राग मी अकरा वर्षं सांभाळला. आता ऐका, गेल्या महिन्यात काय झालं ते.

रिपोर्टसाठी कैद्याच्या घरी जावं लागतं, घरचे त्याला ठेवून घेणार का ते बघायला. वेल्डरची मुलगी आता बावीस वर्षांची, आत्याकडे वाढली. रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांच्या हातातली शीर शोधत असते. तिने मला पाणी दिलं, आत्या चहा करायला आत गेली, आणि पोरगी एकदम हळू आवाजात म्हणाली, "मैडम, मुझे सब याद है." मी म्हटलं, क्या याद है? म्हणाली, "पापा ने पाइप मारा था. सीढ़ी वाली बात मैंने बनाई थी. पापा ने नहीं सिखाई, किसी ने नहीं सिखाई. मुझे लगा ऐसा बोल दूँगी तो पापा शाम तक घर आ जाएँगे." मग माझा हात धरला तिने. "पापा को मत बताना कि मुझे याद है. उनको लगता है मैं सच में वही मानती हूँ."  अर्धा कप चहा तसाच ठेवून उठले, आत्याला वाटलं साखर जास्त झाली.

तीन दिवसांनी मी त्याच्यासमोर बसले. नेहमीचे प्रश्न केले आणि तो नेहमीसारखाच म्हणाला, सीढ़ी से गिरा. मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, पंधरा वर्षं झाली, सजा भोगून झाली, आता खरं बोललात तर काय बिघडणार आहे?  तो म्हणाला, "बिगड़ेगा मैडम. मेरी बच्ची ने कोर्ट में खड़े होकर बोला था, सीढ़ी से गिरे. आज मैं बोल दूँ कि मैंने मारा, तो वो झूठी हो गई. सात साल की थी. उसके सिर ये बोझ क्यों डालूँ? पड़ा रहने दो मुझे अंदर."

बाबा, मी बाहेर येऊन गाडीत बसले. मला ते मटार दिसायला लागले. तुम्ही मोडलेली ती शेंग, आणि माझ्याकडे बघत राहिलेले तुम्ही. तू पाहिलंस ना? मी सत्तावीस वर्षं धरून चाललेय की तुम्ही माझ्यावर ढकललंत. आणि तुम्ही कदाचित, कदाचित म्हणतेय मी, मला धरून ठेवत होतात.

मी त्या मुलीला फोन केला. हे नियमात बसत नाही, मला माहीत आहे, घरचा फोन वापरला, तेवढं तरी तुमचं ऐकलं. बापाने मला काय सांगितलं ते तिला बोलले नाही. एवढंच म्हटलं, "बेटा, मिल आओ. जो मुझे बताया, अपने मुँह से उनको बताओ. वो हैं तब तक बता दो." ती रडायला लागली, म्हणाली, नाही होणार. पण गुरुवारी मुलाकातीला ती गेली. आत काय बोलणं झालं मला ठाऊक नाही. शुक्रवारी वेल्डर स्वतःच भेटीला नाव लिहून जेलमधल्या माझ्या खोलीत आला. खुर्चीवर नीट बसला. रडला-बिडला नाही. म्हणाला, "लिखो मैडम. दो बार मारा था. पहली में ही वो गिर गया था. बोला भी था, बस कर भाई. फिर मैंने एक और मारा."

सत्तावीस वर्षं ज्या वाक्याची मी वाट बघितली ते आलं आणि मला ते ऐकवेना. पहिल्या फटक्याला राग म्हणता येतं. दुसऱ्याला काय म्हणायचं? मी त्याला सांगितलं, हे लिहिलं तर बोर्ड कदाचित याच्यावरच बोट ठेवेल, तिसऱ्यांदा तुमचं नाव परत येईल. म्हणाला, "पूरा लिखना. आधा मत लिखना." आणि जाताना दारात थांबून, जसं काही पावसापाण्याचं बोलावं तसं, "पानी तो दूसरे दिन भी आना था मैडम. रोज़ आता था."

आत्ता चार वाजलेत. तुमची नात मघाशी डोकावून गेली, "मम्मा, इतकं काय लिहितेस? रिपोर्ट एवढा लंबा असतो?" म्हटलं, अच्छा बाई, जा, कुकर लाव. मध्ये उठून मी रिपोर्ट लिहून टाकला, तुमच्याशी इतकं बोलल्यावर तो भराभर झाला. दोन्ही फटके लिहिले. 'बस कर भाई' लिहिलं. मुलीबद्दल एक शब्द लिहिला नाही. आणि खाली, सोडावं अशी शिफारस केली. बोर्ड काय करेल देव जाणे. सही करताना मात्र हात अडला, कारण सरळ आहे. ज्या माणसाने पडलेल्याला दुसऱ्यांदा मारलं त्याला मी माफ केलं, आणि तुम्हांला केलं नाही.

आणि पूर्ण करणारही नाही, उगीच गोड कशाला बोलू. मी इतकी माणसं पाहिलीत की एकदम विरघळायला होत नाही. 'उठला होता' हे तुम्ही माझ्यासाठी म्हणत होतात, की तुम्हांलाच त्याच्याशिवाय झोप येत नव्हती? दोन्ही असेल. पण तुम्ही दार उघडून खाली उतरायला हवं होतं, बाबा. मोठे तुम्ही होतात. वीस पावलं मागे चालत जायला हवं होतं. नऊ वर्षांच्या पोरीला विचारायला नको होतं. हे मला तुमच्या तोंडावर एकदा म्हणायचं होतं, मटार बाजूला सारून, आणि मग तुमचं ऐकूनही घ्यायचं होतं, पुरतं.

हे पत्र कुठे जायचं नाही. त्या कात्रणाबरोबर पेन्शनच्या फायलीत ठेवेन. उद्या जाताना वाटेतल्या दुकानातून कोरे कागद घेईन आणि ऑफिसात ठेवीन, जेवढे वापरले तेवढे. या संक्रांतीला मंडळाची बस असेल, त्या बसने जाईन म्हणते, आणि ती टपरी अजून असली तर उतरेन. पुढचं माहीत नाही. डबा मात्र भरून नेईन.

एक राहिलं. तुम्ही विचारलंत, उठला का तो, तेव्हा मी म्हणाले होते, "उठला, बाबा. सायकल उचलतोय." तुम्हांला ते कात्रण वाचून काय वाटलं असेल? धुक्यात पोरीला नीट दिसलं नसेल, एवढंच ना? बाबा, मी मागे वळलेच नव्हते. डबा पोटाशी धरून मी डोळे गच्च मिटले होते. सायकलचं मी मनाचंच घातलं, तुम्हांला खरं वाटावं आणि गाडी निघावी म्हणून. हळदीकुंकवाला उशीर होत होता.